आधी मोकळी जागा, मग इमारत: गृहसंकुलाचं रेखांकन शिकणाऱ्यांसाठी

गृहसंकुलाचं रेखांकन पहिल्यांदा हातात आलं की बहुतेक जण प्लॉटची हद्द काढतात, टिपिकल फ्लोअरचा, म्हणजे सगळीकडे सारख्याच असणाऱ्या मजल्याचा, ब्लॉक उचलतात आणि तो कुठे बसतो ते बघत फिरवत राहतात. इमारती बसल्या की उरलेल्या जागेत रस्ता, रस्त्यातून उरलेल्यात पार्किंग, आणि शेवटी जो तिकोनी तुकडा राहील त्यात हिरवा रंग भरून 'ओपन स्पेस' लिहितात. मी पहिली दोन वर्षं असंच काम केलं. नकाशे मंजूरही झाले. पण त्यातल्या एका संकुलात आजही गेलो की मुलं दोन गाड्यांच्या मधल्या पट्ट्यात क्रिकेट खेळताना दिसतात आणि जीव कळवळतो, कारण तो पट्टा मीच आखला होता.

म्हणून नव्याने ऑफिसात लागलेल्या आर्किटेक्टना आणि साइट इंजिनिअरना मी उलटा क्रम शिकवतो: आधी पाणी, मग आगीचा बंब, मग मोकळी जागा, आणि त्यानंतर इमारत.

नियमांचं म्हणाल तर मुंबई, एमआयडीसीसारखी काही क्षेत्रं सोडून राज्यात डिसेंबर 2020 पासून एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. आपण सगळे तिला 'यूडीसीपीआर'च म्हणतो. मुंबईला डीसीपीआर 2034 आहे, गोव्याची 2010 ची स्वतःची नियमावली आहे. यांच्या जोडीला राष्ट्रीय इमारत संहिता, म्हणजे एनबीसी 2016, विशेषतः तिचा अग्निसुरक्षेचा चौथा भाग. यूडीसीपीआरमध्ये दुरुस्त्या होत असतात, त्यामुळे ऑफिसच्या कपाटातली छापील प्रत उघडण्याआधी नवीन शुद्धिपत्रकं आणि अधिसूचना बघायची सवय लावा. खालचे आकडे यूडीसीपीआरचे आणि एनबीसीचे आहेत. उदाहरणासाठी दोन एकराचा, म्हणजे साधारण 8,000 चौरस मीटरचा प्लॉट धरू.

पहिली पायरी: जमिनीवर जा, तेही दोनदा

पहिल्यांदा कागद घेऊन जा. सात-बारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, शासकीय मोजणीचा नकाशा, झोन दाखला, विकास आराखड्याचा उतारा. सात-बाऱ्यावरचं क्षेत्र, मोजणीचं क्षेत्र आणि प्रत्यक्ष ताब्यातलं क्षेत्र हे तीन आकडे क्वचितच जुळतात. हिशोब या तिन्हींतल्या सर्वांत लहान आकड्यावर करायचा. डीपी रस्ता, म्हणजे विकास आराखड्यातला रस्ता, किंवा आरक्षण जात असेल तर ते क्षेत्र आधीच वजा करा, कारण पुढची टक्केवारी उरलेल्या क्षेत्रावर निघते. नदी जवळ असेल तर पाटबंधारे खात्याच्या पूररेषा मागवा. निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत घरांचा विचारच करायचा नाही. निळ्या आणि लाल रेषेच्या मधे नियम काही अटींवर परवानगी देतात, पण तिथे घर घेणाऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून बघा.

दुसऱ्यांदा जाल ते पावसात, आणि पावसाळा नसेल तर शेजारच्या शेतकऱ्याला भेटायला. हवेली तालुक्यातल्या एका प्लॉटचा टोटल स्टेशन सर्व्हे आमच्याकडे तयार होता, काँटूर, म्हणजे सारख्या उंचीच्या रेषा, एक-एक मीटरचे. नकाशावर जमीन सपाट दिसत होती. शेजारचे आजोबा बांधावर उभे राहून म्हणाले, "ह्या बांधापासनं त्या बाभळीपतूर पाणी जातंय बघा, दरसाल. आमची बैलं तिथनं नेत न्हाई आम्ही." आम्ही डम्पी, म्हणजे उंची मोजायची दुर्बीण, लावून पुन्हा लेव्हल घेतल्या, तर मधे फक्त 40 सेंटिमीटरची खोलगट पट्टी निघाली. एक मीटरच्या काँटूरमध्ये ती दिसणार कशी? आमच्या पहिल्या स्केचमध्ये नेमका त्या पट्टीवर बी विंगचा जिना होता. तेव्हापासून सर्व्हेअरला अर्ध्या मीटरचे, आणि जमीन सपाट वाटत असेल तर त्याहूनही बारीक काँटूर मागतो. झाडंही त्याच सर्व्हेत मोजून घ्या: जात, घेर, जागा. 1975 चा वृक्ष संरक्षणाचा कायदा आहे, आणि 2021 च्या दुरुस्तीनंतर 50 वर्षांवरच्या झाडांना वारसा वृक्षांचा दर्जा आहे. मोठं झाड जिथे असेल तिथेच तुमच्या मोकळ्या जागेचा मध्य येऊ शकतो, म्हणून ते पहिल्याच दिवशी नकाशावर हवं.

दुसरी पायरी: पाण्याला वाट

आधी एक हिशोब करा. 8,000 चौरस मीटरवर तासाभरात 50 मिलिमीटर पाऊस पडला तर 4 लाख लिटर पाणी होतं. दहा हजार लिटरचे 40 टँकर. शेत होतं तेव्हा त्यातलं बरंच जमिनीत मुरायचं. तुम्ही छप्पर, काँक्रीट आणि पेव्हर ब्लॉक टाकलेत की जवळजवळ सगळं वाहणार. कुठे वाहणार, हे रेषेने दाखवता आलं पाहिजे.

प्लॉटचा सर्वांत खालचा कोपरा शोधा. तिथून बाहेरच्या महापालिकेच्या पावसाळी लाइनपर्यंत किंवा ओढ्यापर्यंत जाणारी वाट आधी आखा आणि त्या बाहेरच्या चेंबरची इन्व्हर्ट लेव्हल, म्हणजे आतल्या तळाची पातळी, प्रत्यक्ष मोजून घ्या. तुमची लाइन त्याच्याखाली असेल तर पाणी बाहेर जायच्याऐवजी आत येईल. पूर्वीपासून वाहणारा नैसर्गिक नाला असेल तर त्याला पाइपात कोंबू नका, वळवू नका, भिंत घालून अडवू नका. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री पुण्यात आंबिल ओढा कात्रजपासून खाली उतरला तेव्हा ज्यांनी तो पाहिला, त्यांना हे वेगळं सांगावं लागत नाही. ओढ्याकाठच्या सोसायट्यांच्या भिंती कोसळल्या, पार्किंगमधल्या गाड्या वाहून गेल्या, माणसं गेली.

भिंतीबद्दल नवीन लोक सर्वांत बेफिकीर असतात, म्हणून इथे जरा थांबतो. तुमच्या बाजूची जमीन शेजाऱ्यापेक्षा वर असेल, तर हद्दीवर आहे ती मातीचा आणि पाण्याचा दाब पेलणारी रिटेनिंग वॉल. तिला कंपाउंड वॉल समजून नऊ इंची वीटकाम केलं तर ती एखाद्या पावसाळ्यात जाणार. तिचं आरसीसी डिझाइन स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून करून घ्या. मागे दगड-खडीचा थर, भिंतीत पाणी निघून जायला वीप होल, आणि ती होलं उघडी आहेत ना हे दर मे महिन्यात बघायची नोंद सोसायटीच्या देखभाल पुस्तिकेत. 29 जून 2019 च्या पहाटे पुण्यात कोंढव्याला एका सोसायटीची संरक्षक भिंत पलीकडच्या बांधकामावरच्या मजुरांच्या झोपड्यांवर कोसळली. लहान मुलांसह 15 जण झोपेत गेले. म्हणून साइट प्लॅनवर लेबर कॅम्पची जागाही तुम्हीच ठरवा. ती भिंतीच्या पायथ्याशी नको, खोदाईच्या कडेला नको. त्या जागेसाठी कुणी नकाशा मागत नाही, तरी काढा.

रेन वॉटर हार्वेस्टिंग 500 चौरस मीटर आणि त्यावरच्या प्लॉटला बंधनकारक आहे. पण काळ्या मातीत खड्डा मारून त्यात विटांचे तुकडे टाकले म्हणजे पाणी मुरत नाही. खाली मुरूम कुठे लागतो, कातळ किती खोल आहे, हे ट्रायल पिटमध्ये बघा आणि शोषखड्डा तिथे घ्या. प्लिंथ, म्हणजे इमारतीचं जोतं, बाहेरच्या रस्त्याच्या मध्यापेक्षा 45 सेंटिमीटरपेक्षा कमी उंच मी ठेवत नाही. रस्त्यावर दर काही वर्षांनी डांबराचा नवा थर चढतो आणि संकुल हळूहळू खड्ड्यात जातं. बेसमेंट असेल तर रॅम्पच्या तोंडाशी 15 ते 20 सेंटिमीटरचा उंचवटा आणि आडवी जाळीची गटार हवीच.

तिसरी पायरी: बंब फिरवून बघा

एनबीसीप्रमाणे 15 मीटर आणि त्यावरची इमारत उंच धरली जाते. तिच्याभोवती किमान 6 मीटरचा मोकळा, पक्का मार्ग लागतो, 45 टनांपर्यंतचा बंब पेलेल असा. वळणाची त्रिज्या किमान 9 मीटर. प्रवेशद्वार 6 मीटर. या मार्गावर पार्किंग नाही, झाडाचं आळं नाही, ट्रान्सफॉर्मर नाही. तीन गोष्टी वारंवार चुकतात.

पहिली, या मार्गाखाली भूमिगत पाण्याची टाकी किंवा बेसमेंटचा स्लॅब असतो आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला ते कुणी सांगितलेलंच नसतं. तो साध्या गाडीच्या वजनाला स्लॅब काढतो. नकाशावर बंबाचा मार्ग वेगळ्या रंगात दाखवा आणि तोच नकाशा त्याच्या हातात द्या.

दुसरी, वळण. मागच्या कोपऱ्यात दोन्ही बाजूंना 6 मीटर ठेवले म्हणजे बंब वळेल असं वाटतं. आतला कोपरा काटकोनात राहिला तर तो वळत नाही. एका साइटवर मी कोपऱ्याच्या आखणीवर चुन्याची फक्की टाकून घेतली आणि काँक्रीटचा मिक्सर घेऊन आलेल्या ड्रायव्हरला तिथून गाडी वळवायला सांगितली. तीनदा मागे-पुढे करून त्याने काच खाली केली आणि म्हणाला, "साहेब, हे टोक कापा, नाहीतर आग लागल्यावर आम्हाला शिव्या देऊ नका." टोक कापलं. त्यासाठी एका विंगचा पायाच दीड मीटर सरकवावा लागला. नशिबाने खोदाई सुरू व्हायची होती.

तिसरी गोष्ट म्हणजे कमान. विक्रीच्या चित्रात प्रवेशाला भव्य कमान असते. तिच्याखाली बंब जाण्याइतकी उंची आणि रुंदी मोकळी राहते का ते बघा, दिवे आणि नावाची पाटी धरून. माझा आग्रह विचाराल तर कमान नकोच. दोन्ही बाजूंना खांब आणि मागे भिंतीला पूर्ण टेकणारी दारं पुरतात.

चौथी पायरी: मोकळी जागा, उरलेली नव्हे, ठरवलेली

0.4 हेक्टर आणि त्यावरच्या रेखांकनात 10 टक्के जागा मनोरंजनासाठी मोकळी सोडावी लागते. आपल्या दोन एकरात सुमारे 800 चौरस मीटर. एका ठिकाणी 200 चौरस मीटरपेक्षा लहान तुकडा चालत नाही, आणि रुंदी 10 मीटरपेक्षा कमी चालत नाही. नियमात बसवायचं तर चार कोपऱ्यांत चार तुकडे करता येतात. करू नका. 20 बाय 40 मीटरचं एक मैदान असेल तर पोरं चेंडू मारू शकतात, गणपतीचा मांडव पडतो, कोजागिरीला सगळी सोसायटी एकत्र बसते. चार तुकड्यांत फक्त चार बाकडी बसतात.

नियम त्यातली काही जागा पोडियमच्या, म्हणजे इमारतींखालच्या पार्किंगच्या मजल्यांच्या, गच्चीवर घ्यायला मुभा देतात. तिथे मोठं झाड लावायचं तर मीटरभर तरी माती लागते आणि त्या मातीचं, पाण्याचं वजन स्लॅबला पेलायला लागतं. बहुतेक पोडियमवर शेवटी गवताची चटई आणि कुंड्या राहतात. जमिनीवरची माती वाचवता येत असेल तर ती आधी वाचवा.

जागा कुठे घ्यायची ते ऊन सांगतं. डिसेंबरात पुण्याला भर दुपारी सूर्य दक्षिणेला साधारण 48 अंशांवर असतो. 36 मीटर उंच इमारतीची सावली तेव्हा उत्तरेला जवळजवळ 32 मीटर पडते. म्हणजे इमारतीच्या उत्तरेला चिकटून बाग केलीत तर थंडीत ज्येष्ठ मंडळींना कोवळं ऊन मिळणार नाही आणि शेवाळ मात्र मिळेल. मेमध्ये सूर्य डोक्यावर येतो, दुपारी बारा-साडेबाराला सावली पायाखालीच. पण मुलं खेळायला येतात पाचला, आणि तेव्हा सावली इमारतीच्या पूर्वेला असते. म्हणून उंच इमारतीच्या पूर्वेला मैदान घेतलं की सकाळचं ऊन आणि संध्याकाळची सावली दोन्ही साधतं. दर प्लॉटवर हे जमत नाही, रस्ता आणि उतार आडवे येतात. पण पहिला प्रयत्न तिथून करावा.

मैदानाकडे किमान दोन विंगांच्या स्वयंपाकघरांच्या खिडक्या बघत असाव्यात. पोळ्या लाटता लाटता आई मुलाला हाक मारू शकते, हा कुठल्याही सीसीटीव्हीपेक्षा भरवशाचा पहारा आहे.

झाडं कडेला, मैदानाच्या मधोमध नाही, आणि ड्रेनेज लाइनवर तर मुळीच नाही. बहावा, ताम्हण, करंज, कडुनिंब ही इथल्या हवेत टिकतात. टाकीजवळ पिंपळ-वड नकोत, मुळं भिंत फोडतात.

पाचवी पायरी: आता इमारती

एव्हाना नकाशावर पाण्याची वाट, बंबाचा मार्ग आणि मैदान आहे. राहिलेल्या भागात इमारती बसवायच्या. बाजूचं आणि मागचं सामासिक अंतर, म्हणजे हद्दीपासून मोकळी सोडायची जागा, उंचीच्या एक पंचमांश, एच बाय पाच. 36 मीटर उंचीला 7.2 मीटर. बंबासाठीचे 6 मीटर त्यातच येतात. दोन इमारतींमध्ये जास्त उंच इमारतीला लागणारं अंतर सोडायचं: एक 36 मीटरची आणि दुसरी 24 ची असेल तरी मधे 7.2. बेरीज करायची नाही. हा प्रश्न मुलाखतीतही विचारतात.

हे किमान आहे, चांगलं नव्हे. समोरासमोर दोन दिवाणखाने 7.2 मीटरवर आले तर पलीकडच्या घरातला टीव्ही वाचता येतो, आणि मग दोन्ही घरांचे पडदे कायमचे ओढलेले राहतात. अशा ठिकाणी एका इमारतीची आंधळी भिंत किंवा जिना त्या बाजूला घ्या, किंवा इमारत थोडी सरकवून खिडकीसमोर खिडकी येऊ देऊ नका.

4,000 चौरस मीटर आणि त्यावरच्या रेखांकनात दहा लाखांवर वस्तीच्या शहरांत सर्वसमावेशक घरकुलांची, म्हणजे 20 टक्के लहान घरांची, तरतूद लागते. ती इमारत मागच्या कोपऱ्यात, एसटीपीशेजारी (सांडपाणी शुद्ध करण्याच्या यंत्रणेशेजारी), वेगळ्या गेटाने टाकलेली मी बऱ्याच नकाशांत पाहिली आहे. त्या घरांतली मुलं त्याच मैदानावर, त्याच रस्त्याने आली पाहिजेत. तुमच्या पेन्सिलीच्या हातात हे असतं, आणि पहिल्या स्केचला बोललात तर क्लायंट बहुधा ऐकतो.

सहावी पायरी: गाड्या आणि पायी चालणारी माणसं

कारला 2.5 बाय 5 मीटर, दुचाकीला 1 बाय 2, पाहुण्यांसाठी 5 टक्के वेगळं. किती गाड्या हे घरांच्या चटई क्षेत्रावरून तक्त्यात निघतं. नवीन लोकांची ठरलेली चूक म्हणजे 2.5 मीटर कॉलमच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजणं. मग कॉलम तीसेक सेंटिमीटर खातो आणि दार उघडत नाही. मोकळं अंतर मोजा. रॅम्पचा उतार 1:8 पेक्षा तीव्र नको.

पायी चालणाऱ्याची वाट मात्र तक्त्यात नसते. गेटापासून प्रत्येक विंगच्या दारापर्यंत गाडीचा रस्ता न ओलांडता जाता येईल अशी एक पायवाट आखा, निदान ओलांडायची जागा एकच ठेवा. स्कूल बस गेटाबाहेर थांबणार असेल तर तिथे छप्पर द्या. व्हीलचेअरचा रॅम्प 1:12. प्लिंथ 45 सेंटिमीटर असेल तर रॅम्प 5.4 मीटर लांब होतो, शिवाय दोन्ही टोकांना सपाट जागा. जिन्याच्या बाजूला दीड-दोन मीटरची तिरकी रेघ मारून 'रॅम्प' लिहिलेले नकाशे मी परत पाठवतो. तो रॅम्प पाय मोडलेल्या माणसालाही चढता येत नाही, व्हीलचेअर तर सोडाच.

अंतर्गत रस्ता किमान 9 मीटर, लांबी वाढली की रुंदी वाढते. ट्रान्सफॉर्मर आणि डीजी, म्हणजे डिझेल जनरेटर, गेटाजवळ, वीज कंपनीच्या गाडीला सरळ पोचता येईल असे. टँकर भूमिगत टाकीशी मैदान न ओलांडता लागला पाहिजे. 5,000 चौरस मीटरवरच्या संकुलांनी ओला कचरा आवारातच जिरवायचा, असं घनकचऱ्याच्या 2016 च्या नियमांनी ठरवून दिलं. खत-खड्डा आणि एसटीपी शक्यतो पूर्वेला, कारण पावसाळी वारा पश्चिमेकडून येतो. बांधकाम क्षेत्र 20,000 चौरस मीटरला पोचलं की पर्यावरण मंजुरी लागते. तो हिशोब सुरुवातीलाच क्लायंटपुढे ठेवा, कारण त्यात महिने जातात.

सादर करण्याआधी

क्षेत्रफळाचा तक्ता दोघांनी स्वतंत्र काढून ताडून बघा. महारेरावर एकदा रेखांकन चढलं आणि घरं विकली गेली की दोन तृतीयांश घरधारकांच्या लेखी संमतीशिवाय त्यात बदल करता येत नाही, त्यामुळे क्लब हाऊसची जागा 'नंतर बघू' म्हणून सोडू नका.

मग एक प्रिंट काढा, टेबलावर पसरा आणि पेन्सिल घेऊन चार जणांच्या वाटा काढा: सातव्या मजल्यावरून स्कूल बसकडे जाणारी पहिलीतली मुलगी, दूध घेऊन परतणारे आजोबा, रात्री दोनला आलेली रुग्णवाहिका, आणि कचऱ्याची गाडी ढकलणाऱ्या ताई. जिथे पेन्सिल उचलावी लागेल, किंवा एकाची वाट दुसऱ्याच्या वाटेला आडवी जाईल, तिथे लाल गोल करा. माझ्या टेबलावर आत्ता पडलेल्या प्रिंटवर असे सहा गोल आहेत. चार सुटलेत. पाचवा ट्रान्सफॉर्मरचा आहे, आणि सहाव्यासाठी उद्या सकाळी पुन्हा साइटवर जायचं आहे, फक्की घेऊन.